लेकराचे तोंड आले तर पाणी तोडू नका

शेतात कपाशीचे निंदण चालू आहे आणि घरात दोन वर्षांचे लेकरू तापाने फणफणले आहे. दुधाची वाटी ओठाला लागली की रडते, लाळ गाळते. पिंपळगाव राजा घ्या की खामगाव तालुक्यातले दुसरे गाव, पावसाळ्यात हे चित्र ओळखीचे. आजी म्हणते, तोंड आले. आई म्हणते, दात येत असतील.

माताभगिनींनो, उजेडात तोंड उघडून पाहा. पडजिभेच्या आसपास लाल कडांचे बारीक फोड दिसले, तर तो बहुधा विषाणूंचा ‘हर्पान्जायना’ हा आजार असतो. तळहात-तळपायांवरही फोड आले, तर त्याचाच भाऊबंद असलेला हात-पाय-तोंडाचा आजार समजावा. केरळात २०२२ साली ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजला तो याचाच प्रकार.

ताप दोन-चार दिवसांत उतरतो, फोड आठवड्याभरात आपोआप बरे होतात. जंतुनाशक गोळ्या-इंजेक्शनांचा विषाणूंवर उपयोग नाही. खरा धोका वेगळाच आहे. दुखते म्हणून लेकरू पीत नाही, आणि अंगातले पाणी आटते.

म्हणून दर थोड्या वेळाने चमचा-चमचा पाजत राहा. गार केलेले उकळलेले पाणी, थंड दूध, पेज, वरणाचे पाणी चालेल. जीवनरक्षक क्षारांची पुडी एक लिटर पाण्यात कालवून द्या. अंगावरचे दूध तोडू नका. तिखट, आंबट, गरम नको. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावरून सांगितले तेवढेच द्या. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. बोट घालून घसा चोळू नका, टाकणखार लावू नका. तो पोटात गेला तर विषारी ठरतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये.

सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडले, सारखे ओकते, झोपेत दचकते, झटका आला किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर निंदण राहू द्या आणि सरकारी दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर त्याच दिवशी न्या.

हा आजार लाळेतून व शीतून पसरतो. लेकरू बरे झाल्यावरही काही आठवडे शीतून विषाणू पडत राहतात. म्हणून शी धुतल्यावर आणि भाकरी थापण्यापूर्वी साबणाने हात धुवा. आजारी लेकराची वाटी वेगळी ठेवा, आणि बरे होईपर्यंत त्याला अंगणवाडीत पाठवू नका.