गर्भवतीचा खर्रा आणि नवजात बालकाचे वजन

यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या पानठेल्यांवर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटण्याचे काम सकाळपासूनच सुरू होते. खर्रा हा पुरुषांचा शौक, अशी आपली समजूत आहे. परंतु निंदणाला आणि कापूस वेचणीला जाणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या बटव्यातही तंबाखू-चुन्याची डबी असते. दिवस गेल्यावर ती बाजूला पडतेच असे नाही. तंबाखूने मळमळ थांबते, दाढ ठणकत नाही, भूक लागत नाही, अशी कारणे दिली जातात. त्यांतील शेवटचे कारण सर्वांत चिंताजनक होय. कारण ज्या काळात दोन घास अधिक पोटात जायला हवेत, त्याच काळात भूक मारली जाते.

गर्भाला प्राणवायू आणि अन्न मिळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आईचे रक्त आणि वार. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते; त्यामुळे वारेकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. शिवाय ते स्वतः वार ओलांडून गर्भाच्या रक्तात उतरते. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्यही तोच मार्ग धरते. तंबाखू जाळली नाही, नुसती चघळली, म्हणून गर्भ सुरक्षित राहतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला. मुंबईतील १२१७ गर्भवतींचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेऊन डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील तंबाखू घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया मशेरी लावणाऱ्या होत्या. वजनावर परिणाम करणारी इतर कारणे हिशेबात घेऊनही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि गर्भकाळ सुमारे सहा दिवसांनी घटला. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोकाही वाढलेला आढळला.

१०५ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ ‘कमी वजनाचे’ समजले जाते. जे बाळ २६०० ग्रॅमचे व्हायचे, ते २४९५ वर आले की रेषेखाली गेले. आधीच रक्तक्षय असलेल्या, वारंवार उपाशीपोटी शेतावर राबणाऱ्या आईच्या पोटी ही घट अधिकच महाग पडते. अशा बाळाचे अंग लवकर थंड पडते, ते नीट ओढून दूध पीत नाही आणि जंतुसंसर्गाला चटकन बळी पडते. विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच जिल्ह्यात २०१६ पासून दारू व तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू झाले.

गांजाविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात. गांजातील मादक द्रव्य चरबीत साठते, म्हणून ते शरीरात दीर्घकाळ राहते, वार ओलांडते आणि आईच्या दुधातही कित्येक दिवस उतरत राहते. गर्भारपणात गांजा घेणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची होण्याचे प्रमाण अधिक आढळते. त्या स्त्रियांपैकी अनेकजणी तंबाखूही ओढतात, त्यामुळे कोणता दोष कोणाचा हे वेगळे करणे कठीण जाते. तरीही तो टाळावा, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. मात्र गांजाचे नाव काढताच दचकणारे आपण खर्ऱ्याची पुडी पाहुण्यापुढे सहज धरतो! वसतिगृहात रोज उच्चारले जाणारे पाचवे शील दारूपुरतेच मानण्याची पळवाट आपल्यात चांगलीच रूढ आहे. शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण पानठेले काही ओस पडले नाहीत.

सारा दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. घरात पुडी बहुधा पुरुषच आणतो, आणि तो खात राहिला तर तिची सवय सुटणे अवघड. सातव्या महिन्यात सोडून काय उपयोग, असेही कोणी म्हणू नये. बाळाचे वजन शेवटच्या तीन महिन्यांतच झपाट्याने वाढते. दाढ दुखत असेल तर दंतवैद्य, मळमळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र. सवय सोडण्यासाठीच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. तंबाखू सुटली नाही म्हणून अंगावरचे दूध तोडू नये. दूध हवेच, तंबाखू नको. दवाखान्यातील प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात व बाळाचे वजन करतात. त्या वेळी तंबाखूची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये.