इन्स्टॉल अडकलं? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

आजच्या भागाचं हे लिखित रूप.

प्रश्न आलाय जुन्या जालन्यातून. २०१२ साली विंडोज ७ सोबत घेतलेला लॅपटॉप, ४ जीबी रॅम. विंडोज १० नव्याने टाकताना डिस्क निवडायच्या पायरीवर ‘या डिस्कवर टाकता येत नाही’ असा मेसेज येतो. दुकानात सांगितलं, सगळं उडवा. पण आत घरचे फोटो आहेत.

थांबा, काहीच उडवू नका. आधी फोटो बाहेर काढू.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवा आणि या लॅपटॉपला लावा. मिंट इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालतं. फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क दिसेल. फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार उघडून बघा.

आता मेसेज नीट वाचा. त्यात ‘एमबीआर’ आणि ‘जीपीटी’ हे शब्द असतील, तर डिस्क बिघडलेली नाही, मेळ बसत नाहीये. डिस्कवर कुठला भाग कुठे आहे याची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एमबीआर असायची. पेनड्राइव्ह युईएफआय पद्धतीने सुरू झाला, की विंडोजचा इन्स्टॉलर जीपीटीच मागतो.

डिस्क पुसून जीपीटी करता येते, पण मग सगळंच जातं. त्यापेक्षा लॅपटॉप रीस्टार्ट करून बूट मेनू उघडा. कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप. पेनड्राइव्हचं नाव तिथे बऱ्याचदा दोनदा दिसतं, एकदा पुढे ‘युईएफआय’ लावून आणि एकदा नुसतं. नुसतं निवडा. ते दिसतच नसेल तर बायोसमध्ये ‘लेगसी’ चालू करा. पेनड्राइव्ह रूफसने बनवला असेल, तर तो ‘एमबीआर’ निवडून पुन्हा बनवा.

मेसेज वेगळा असेल तर? फाइली कॉपी होताना ८००७०५७० असा आकडा आला, तर फाइल खराब आहे असं तो सांगतो. आयएसओ पुन्हा उतरवा, पेनड्राइव्ह बदला. तरीही तेच झालं, तर रॅम आणि हार्ड डिस्क तपासून घ्या. आणि बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टरशिवाय बसूच नका. मध्येच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ टीपीएम २.० मागतं, ते या वयाच्या लॅपटॉपमध्ये नसतं. म्हणून बँकेचे व्यवहार करायचे असतील, तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकणं बरं. ४ जीबीत ती चालते, मराठी टायपिंगही होतं.

लॅपटॉप भंगारात घालायची घाई नको. तुमचा कुठे अडकलाय ते मेसेजच्या फोटोसकट कळवा. भेटू पुढच्या भागात!