अंडे पाण्यात बुडाले, म्हणजे निर्धोक नव्हे

जानेवारी २०२१मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले आणि परिसरातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. अशा वेळी घरात आणलेले अंडे खावे की टाकावे, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्यावर घरोघरी ठाऊक असलेली कसोटी म्हणजे अंडे पाण्यात सोडून पाहणे. ही कसोटी खोटी नाही; तिच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर मागितले जाते, इतकेच.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतला ओलावा हळूहळू उडून जातो आणि बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. त्यामुळे ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने होऊ लागलेले टोकावर उभे राहते आणि फार जुने तरंगते. पाणी सांगते ते अंड्याचे वय. परभणीत उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्याही वर जातो. दुकानाच्या दारात ट्रेमध्ये रचलेली अंडी या उष्म्यात फार लवकर शिळी होतात. म्हणून मे महिन्यात थोडीच अंडी आणावीत आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावीत.

सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आहे. साल्मोनेला हा जिवाणू आजच घातलेल्या अंड्यातही असू शकतो. त्याने अंडे तरंगत नाही, त्याला वास येत नाही, बलकही बिघडलेला दिसत नाही. त्यावर घरातला खात्रीचा उपाय म्हणजे पांढरा व पिवळा दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बर्ड फ्लूचा विषाणूही ७० अंश सेल्सियसला नष्ट होतो. तालमीत जाणाऱ्या मुलांना दुधातून कच्चे अंडे देण्याची आपल्याकडील हौस मात्र आता सोडलेली बरी. लहान मुले, गर्भवती आणि वृद्धांनी हाफ फ्रायही टाळावे.

तडकलेली किंवा विष्ठेने माखलेली अंडी दुकानातच नाकारावीत. आणल्याबरोबर अंडी धुऊन ठेवण्याचा नीटनेटकेपणा येथे अंगाशी येऊ शकतो. धुण्याने कवचावरील नैसर्गिक आवरण निघते आणि ओलाव्यासोबत जंतू छिद्रांतून आत शिरतात. अंडे नेहमी वेगळ्या वाटीत फोडावे. कुजके असेल तर नाकालाच कळते. उकडलेल्या पिवळ्या बलकाभोवतीच्या हिरवट कडेला मात्र घाबरू नये. अंडे जास्त वेळ उकळल्याने ती येते.