आरंभीच्या मुखकर्करोगातील प्रतिकारपेशी : सूचकत्वाचा विचार

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील स्थानक. शहापूर परिसरातील खेड्यांतून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांकडे निघालेला मनुष्य पुष्कळदा येथेच गाडीत बसतो. गालाच्या आतील न भरणारी जखम दाखविण्यास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) गेलेल्या अशा रुग्णाचे अर्बुद दोन-तीन सेंटिमीटरांचेच असले आणि मानेत गाठ हाताला लागत नसली, तर त्याचा रोग आरंभीचा मानला जातो. तथापि वरवर सारख्याच भासणाऱ्या दोन रुग्णांपैकी एक कायमचा बरा होतो आणि दुसऱ्याच्या मानेत काही महिन्यांतच गाठ उद्भवते. हा भेद आधी ओळखता येईल काय, हा प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

या प्रश्नाची व्यावहारिक बाजू टाटा रुग्णालयातील एका चाचणीने स्पष्ट केली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ५०० रुग्णांचा विचार केला होता. मुखातील अर्बुदाबरोबर मानेतील लसिकाग्रंथीही काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात राहतात. गाठ दिसेपर्यंत थांबले तर ६७.५ टक्के. प्रथमच मान उघडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्याच ग्रंथींत रोग आढळला. अर्थात् उरलेल्यांच्या ग्रंथी निरोगी होत्या. परंतु ते शस्त्रक्रियेपूर्वी सांगण्याचे खात्रीचे साधन नव्हते. खांद्याचे दुखणे व जखडणे हे या शस्त्रक्रियेचे मूल्य असते आणि कष्टकरी माणसास ते हलके नसते.

शरीराच्या प्रतिकारशक्तीची खूण मराठी बोलणाऱ्यास अपरिचित नाही. पायास जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील प्रत्येकास ठाऊक असते. लसिकाग्रंथीत प्रतिकारपेशींची संख्या वाढल्याने ती सुजते, हा त्याचा शास्त्रीय अर्थ. याच पेशी अर्बुदातही शिरतात. त्यांतील मारक टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी८ नावाचे प्रथिन असते. रोगट पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडलेले विकृत प्रथिनांचे तुकडे ओळखून या पेशी तिला मृत्यूची आज्ञा देतात. काढलेल्या अर्बुदाच्या पातळ कापावर विशिष्ट प्रतिपिंडांनी रंग चढवून त्यांची प्रत्येक चौरस मिलिमीटरमागील संख्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. अनेक अभ्यासांत ही संख्या अधिक असलेल्या रुग्णांचे आयुर्मान अधिक आढळले आहे.

परंतु केवळ संख्येने अर्थ निश्चित होत नाही. शब्दाचा अर्थ जसा वाक्यातील स्थानावर अवलंबतो, तसा पेशीचा अर्थही तिच्या स्थानावर अवलंबतो. अर्बुदाच्या गाभ्यात, पेशींच्या घरट्यांत शिरलेली मारक पेशी आणि कडेच्या तंतुमय ऊतकात अडकून पडलेली मारक पेशी यांचे मोल एक नव्हे. सीडी१६३ धारण करणाऱ्या भक्षक पेशींची दाटी सामान्यतः प्रतिकूल मानली जाते. नियामक टी-पेशींचे कार्य प्रतिकारास आवर घालण्याचे. म्हणून त्यांची संख्या वाढणे अशुभ ठरावे. प्रत्यक्षात डोके व मान यांच्या कर्करोगांत काही अभ्यासांनी ती अनुकूल, तर काहींनी प्रतिकूल ठरविली आहे. बहुधा जेथे प्रतिकार जोरात तेथेच आवरही अधिक, असे याचे स्पष्टीकरण देता येते.

शिवाय आज्ञा दिली तरी ती पाळली जाईलच असे नाही. गाल व हिरडी यांच्या कर्करोगाच्या जनुकांचा जो भारतीय अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात कॅस्पेस-८ या जनुकात वारंवार बिघाड आढळला. मृत्यूची आज्ञा पेशीच्या आत पोहोचविणाऱ्या साखळीतील ही एक कडी आहे. ती तुटली, तर मारक पेशी शेजारी असूनही तिचे कार्य अपुरे राहू शकते.

येथे सूचक आणि कारण यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकांनीही धूर व अग्नी यांचे साहचर्य अव्यभिचारी असल्याचा आग्रह धरला होता. प्रतिकारपेशी व रोगाची परिणती यांचे साहचर्य तितके अव्यभिचारी नाही. मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक भिन्न आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेला लहानसा तुकडा संपूर्ण अर्बुदाचा प्रतिनिधी असतोच असे नाही. म्हणूनच २०१८ पासून प्रचलित असलेल्या अवस्थानिश्चितीत अर्बुदाच्या खोलीस स्थान मिळाले. प्रतिकारपेशींना मात्र अद्याप मिळालेले नाही.

खोली व प्रतिकारपेशी यांचा एकत्रित विचार करून ज्याच्या मानेस धोका नाही असा रुग्ण विश्वासाने वेगळा काढता येणे, हे या संशोधनाचे उद्दिष्ट होय. ते साधेपर्यंत, तपासणीसाठी वारंवार मुंबई गाठणे ज्यास अवघड जाते त्या आसनगावकडील रुग्णास केवळ पेशींच्या मोजणीवर विसंबून थांबावयास सांगणे सयुक्तिक ठरणार नाही. चिन्ह वाचता येणे ही विद्या खरीच. परंतु त्यावर किती भार टाकावा हे जाणणे हीही विद्याच आहे.