टॉम एकच, हात अनेक: कार्टूनमागचा ॲनिमेटर मोबाईलवर कसा ओळखाल?

वडीगोद्रीच्या फाट्यावर बसची वाट बघताना मोबाईलवर 'टॉम अँड जेरी' लावलं, की सात मिनिटं कशी जातात कळतही नाही. पण त्या सात मिनिटांतला टॉम एकाच माणसाने काढलेला नसतो, हे तुम्हाला माहीत आहे का? दर थोड्या वेळाने हात बदलतो. नजर बसली की तो ओळखताही येतो.

हात का बदलतो?

सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. म्हणजे ७ मिनिटांच्या कार्टूनला १०,०८० फ्रेम! एकट्याचं हे काम नाही. म्हणून दिग्दर्शक ॲनिमेटरना सीन वाटून द्यायचा. ॲनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढायचा, मधली चित्रं सहायक भरायचे आणि रंगवणारे आणखी वेगळे. सगळ्यांचा टॉम सारखा दिसावा म्हणून समोर 'मॉडेल शीट' म्हणजे नमुना चित्रं असायची.

तरी हात लपत नाही. पोळ्याला सगळेच बैल सजवतात, पण कोणता बैल कोणाच्या दावणीचा, हे शिंगांच्या रंगावरून गावात कळतंच ना? तसंच हे.

फरक कसा दिसतो?

'द कॅट कॉन्सर्टो' (१९४७) बघा. टॉम पियानो वाजवतो ते. याला ऑस्कर मिळालं. यात केनेथ म्यूज, एड बार्ज आणि आयर्व्हन स्पेन्स हे ॲनिमेटर होते. म्यूजचा टॉम साधारणपणे गोलसर, हालचाल एकदम स्मूथ. स्पेन्सचा टॉम टोकदार. तोंडभर दात, आणि धक्का बसला की चेहरा पार ताणला जातो.

बग्ज बनीचंही तेच. बॉब क्लॅम्पेटच्या टीममधल्या रॉबर्ट मॅककिम्सनचा बग्ज नीटस, भरीव. त्याच टीममधल्या रॉड स्क्रिब्नरचा बग्ज मात्र रबरासारखा ताणलेला, सुरकुत्या पडलेला.

मोबाईलवर करून बघा

१. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'प्लेबॅक स्पीड' ०.२५ करा.
२. सीन बदलला की सावध व्हा. हात बहुतेकदा तिथेच बदलतो.
३. डोळे, दात, बोटं आणि दचकल्यावरचा चेहरा बघा.
४. पात्र क्षणभर स्थिरावलं की स्क्रीनशॉट घ्या. दोन सीनचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवा.

एक काळजी घ्या. वेगाच्या मधली फ्रेम पकडू नका. ती सहायकाने काढलेली असू शकते. आणि एका स्क्रीनशॉटवरून निकाल देऊ नका.

याचा उपयोग काय?

टॉम आणि जेरीचं पहिलं कार्टून 'पुस गेट्स द बूट' (१९४०). ते बनवणाऱ्या हॅना आणि बार्बेरा यांचंही नाव तेव्हा पडद्यावर आलं नव्हतं! वॉर्नर ब्रदर्सच्या त्या काळच्या कार्टूनवर बऱ्याचदा एकाच ॲनिमेटरचं नाव यायचं, बाकीचे गायब. ज्यांचं नाव लिहिलंच गेलं नाही, त्यांच्या कामाची ओळख त्यांच्या रेषेवरूनच पटवावी लागते.

आपल्याकडेही हा धागा आहे. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. तिथे 'द बनियन डिअर' (१९५७) तयार झाली. पुढे पद्मश्री मिळालेले राम मोहन याच युनिटमध्ये घडले. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट तेव्हा थिएटरमध्ये मुख्य सिनेमाआधी लागायचे. आपल्या आजी-आजोबांनी ते पाहिले असतील, पण कोणतं चित्र कोणी काढलं हे कोण विचारणार?

आज एका क्लिकवर फोटोचं 'कार्टून स्टाइल' चित्र होतं. पण स्टाइल नेमकी कोणाची? ती कोणीतरी टेबलावर वाकून, पेन्सिलने, वर्षानुवर्षं घडवलेली असते. पुढच्या वेळी टॉम दचकला की व्हिडिओ थांबवा आणि दात बघा. हा हात कोणाचा, ते ओळखायचा प्रयत्न करा.