मतदाराचे केंद्र कोणते?

निवडणुकीच्या दिवशी तुम्हांला सुटी असते. परंतु तुमची शाळा त्या दिवशी ओस पडलेली नसते. ज्या वर्गात तुम्ही एरवी गणिते सोडविता, तेथील बाके भिंतीशी सरकवून ठेवलेली असतात. फळ्यापुढे केंद्राध्यक्ष आणि त्यांचे सहकारी बसलेले असतात, आणि एका कोपऱ्यात आडोसा करून मतदानयंत्र ठेवलेले असते. सकाळपासून दाराशी रांग लागते. तुमचे आईवडील, आजीआजोबा, शेजारीपाजारी असे सारे त्या रांगेत उभे असतात.

या रांगेत कधी कधी एक दृश्य पाहावयास मिळते. कोणी वृद्ध गृहस्थ काठी टेकीत दारापर्यंत येतात. पहिल्या टेबलाशी बसलेला अधिकारी यादीची पाने चाळतो, पुन्हा एकदा चाळतो आणि म्हणतो, “आजोबा, तुमचं नाव या यादीत नाही. तुमचं केंद्र नदीपलीकडच्या शाळेत आहे.” आजोबांजवळ ओळखपत्र असते, आणि मत देण्याचा अधिकारही त्यांना असतो. तरीसुद्धा या खोलीत त्यांना मत देता येत नाही. असे परत फिरलेले काही मतदार दुसऱ्या शाळेची वाट धरतात; काही थकून घरी जातात. जो घरी गेला, त्याचे मत त्या निवडणुकीपुरते नाहीसे झाले.

मतदाराने गावातील किंवा शहरातील कोणत्याही केंद्रावर जावे आणि मत द्यावे, अशी मुभा त्याला का देऊ नये? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधू लागले, म्हणजे निवडणुकीचा कारभार आतून कसा चालतो हे आपोआप कळून येते.

या कारभाराचा आधार म्हणजे मतदारयादी. जे पात्र आहेत त्यांनाच मत देता यावे, आणि प्रत्येकाने एकदाच मत द्यावे, या दोन गोष्टींची काळजी यादीमुळे घेता येते. मतदार आला, की अधिकारी त्याचे नाव यादीत शोधतो, त्यावर खूण करतो आणि त्याच्या बोटाला न पुसणारी शाई लावतो. आता तोच मनुष्य दुपारी पुन्हा आला, तर यादीतील खूण त्याला अडविते. परंतु ही खूण एकाच कागदावर असते. शेजारच्या केंद्रावरील अधिकाऱ्याला ती दिसत नाही. म्हणूनच एका मतदाराचे नाव एकाच केंद्राच्या यादीत ठेवावे, आणि त्याने तेथेच जावे, असा नियम झाला. मतदार केंद्राशी बांधला गेला तो यादीमुळे.

आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या यादीचे महत्त्व फार तीव्रपणे जाणवले. १९५१ च्या ऑक्टोबरात मतदानास आरंभ झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत ते पूर्ण झाले. सुमारे सतरा कोटी मतदारांची नावे घरोघर जाऊन लिहून घ्यावयाची होती. अनेक ठिकाणी स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असा निर्णय दिला. त्यामुळे सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून गळाल्या. निर्णय कठोर होता; परंतु प्रत्येक मतदार हा स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र नागरिक आहे, हे त्यातून सर्वांना उमगले.

मतदाराला एकाच केंद्राशी बांधावयाचे, तर ते केंद्र त्याच्या घराजवळ नेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. आपल्याकडे मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये, असा दंडक आहे. गुजरातेत गीरच्या अरण्यात बाणेज येथे केवळ एका मतदारासाठी केंद्र उघडले गेले आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर दहा लाखांहून अधिक केंद्रे होती. मतदार केंद्राकडे फार दूर येऊ शकत नसेल, तर केंद्र मतदाराकडे जाते, असा हा मार्ग आहे.

परंतु घराजवळचे केंद्र सर्वांना सोयीचे असतेच असे नाही. पुष्कळ माणसांचा दिवस घरापासून दूर जातो. अमेरिकेत तर ही अडचण अधिकच जाणवते. कारण तेथील राष्ट्रीय निवडणूक नोव्हेंबर महिन्यात मंगळवारी होते, आणि त्या दिवशी देशभर सुटी नसते. सकाळी कामावर गेलेला मनुष्य संध्याकाळी परत येईपर्यंत घराजवळच्या केंद्राची वेळ संपत आलेली असते.

या अडचणीवर कोलोरॅडो राज्यातील लॅरिमर काउंटीने एक नवा उपाय योजिला. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. रॉकी पर्वताच्या कुशीत वसलेल्या या काउंटीचे मुख्य शहर फोर्ट कॉलिन्स हे आहे. तेथील निवडणुकीचे काम पाहणारे अधिकारी स्कॉट डॉइल यांनी २००३ साली वस्तीवस्तीतील १४३ मतदान विभागांची जुनी केंद्रे बंद केली आणि त्यांच्या जागी २२ मोठी केंद्रे उघडली. काउंटीतील कोणत्याही मतदाराने यांपैकी कोणत्याही केंद्रावर जावे; घराजवळच्या, कचेरीजवळच्या किंवा बाजाराच्या वाटेवरच्या. “तुमचे केंद्र हे नव्हे” असे त्याला कोणी सांगणार नाही.

हे शक्य झाले, कारण तेथे यादीचे रूपच पालटले होते. प्रत्येक केंद्रावर संगणक होते आणि ते सारे एकाच यादीशी जोडलेले होते. एका केंद्रावर मतदाराच्या नावापुढे खूण झाली, की ती इतर सर्व केंद्रांवर तत्काळ दिसे. त्यामुळे तोच मतदार दुसरीकडे गेला, तरी त्याला पुन्हा मत देता येत नसे. दुसरी अडचण मतपत्रिकांची होती. तेथे एकाच दिवशी निरनिराळ्या पदांसाठी मतदान होते, आणि वस्तीगणिक उमेदवार बदलतात. म्हणून ज्याला जी लागेल ती मतपत्रिका प्रत्येक केंद्रावर मिळेल, अशी तजवीज करावी लागली.

याचा परिणाम काय झाला? रॉबर्ट स्टाइन आणि ग्रेग व्होनामे या दोन अभ्यासकांनी लॅरिमरमधील मतदानाचे परीक्षण केले. या पद्धतीमुळे मतदान वाढले, असे त्यांना आढळून आले. त्यातही जे लोक क्वचितच मत देतात, त्यांच्यावर तिचा प्रभाव अधिक दिसला. ज्याचा मत देण्याचा निश्चय पक्का असतो, तो दूर जाऊनही मत देतो. ज्याचे मन दोलायमान असते, त्याला मात्र वाटेवर दिसलेले केंद्रही आत ओढून नेते.

तेव्हा ही पद्धत सर्वांनी तत्काळ स्वीकारावी, असे तुम्हांला वाटेल. परंतु पुढची हकीकत ऐका. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर हे मोठे शहर आहे. त्या शहरानेही लॅरिमरचे अनुकरण करावयाचे ठरविले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी तेथे ५५ मोठी केंद्रे उघडण्यात आली. पण मतदारांची नावे तपासणारी संगणकाची व्यवस्था गर्दीचा भार सोसू शकली नाही. एकेक नाव सापडण्यास फार वेळ लागू लागला. रांगा लांबत गेल्या. लोक तासन् तास तिष्ठत राहिले. हजारो मतदार मत न देताच घरी परतले असावेत, असा अंदाज नंतर करण्यात आला. त्यांची नावे यादीत होती, त्यांचे केंद्रही चुकले नव्हते. तरी त्यांचे मत नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, डेन्व्हरच्या नागरिकांनी आपला निवडणूक आयोग रद्द करून तेथे निवडून दिलेला एक जबाबदार अधिकारी नेमण्याच्या बाजूने कौल दिला.

या प्रसंगाचे मर्म नीट लक्षात घ्या. जुन्या पद्धतीत एका केंद्रावरील यादीत गोंधळ झाला, तर त्या एकाच केंद्राचे काम अडते. नव्या पद्धतीत सर्व केंद्रे एकाच यादीवर विसंबलेली असतात. ती अडली, की सारे शहर अडते. घरोघरी विहीर असली, तर एक विहीर आटल्याने गावाला तहान लागत नाही. सर्व गावाला एकाच टाकीतून पाणी येत असेल, तर त्या टाकीची राखण डोळ्यांत तेल घालून करावी लागते.

या पद्धतीत आणखी एक उणीव आहे. १४३ विभागांच्या जागी २२ केंद्रे झाली, म्हणजे निवडीला वाव मिळाला. परंतु केंद्रांची संख्या घटली. ज्याच्याजवळ मोटार आहे, त्याला बावीस केंद्रांतून एक निवडणे आनंदाचे वाटेल. ज्याला पायी जावयाचे आहे, त्याच्या घराशेजारची शाळा बंद झाली असेल, तर त्या निवडीचा त्याला काय उपयोग? म्हणून केंद्रे किती असावीत आणि कोठे असावीत, हे ठरविताना पायी येणाऱ्याचा विचार आधी करावा लागतो.

संगणकावाचून मतदाराला अशी मुभा देता येत नाही काय? ऑस्ट्रेलियाने ती दीर्घकाळ कागदाच्या आधारे दिली आहे. तेथे १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे, आणि मतदानाचा दिवस शनिवार असतो. मतदार आपल्या मतदारसंघातील कोणत्याही केंद्रावर जाऊ शकतो. कारण प्रत्येक केंद्रावर संपूर्ण मतदारसंघाची यादी ठेवलेली असते. तो त्याच राज्यातील दुसऱ्या मतदारसंघात असला, तरी त्याची सोय होते. त्याची मतपत्रिका एका लिफाफ्यात बंद करतात. लिफाफ्यावर त्याचे नाव आणि सही असते. तो लिफाफा त्याच्या स्वतःच्या मतदारसंघाकडे पाठवितात. तेथे नावाची शहानिशा झाली, की मतपत्रिका बाहेर काढून इतरांच्या मतपत्रिकांत मिसळतात. त्यामुळे मत गुप्त राहते. कोणाच्या नावापुढे दोन केंद्रांवर खुणा आढळल्या, तर त्याला जाब विचारला जातो. मात्र हा दोष उघडकीस येतो तो मतदान संपल्यावर. पेटीत पडलेले मत ओळखून परत काढता येत नाही. म्हणजे येथे मुभेचा पाया आहे नागरिकांच्या प्रामाणिकपणावरचा विश्वास.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडून निघतात. कारखान्याच्या परिसरात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि वसंतापर्यंत त्यांचा मुक्काम तेथेच असतो. त्यांची नावे गावच्या यादीत असतात. पण ती माणसे शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात असतात. कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असू शकते. कायमचे स्थलांतर करणाऱ्याने नाव हलवून घ्यावे, हे ठीक. परंतु जो काही महिन्यांनी आपल्या गावी परतणार आहे, त्याने काय करावे? मतदानासाठी गावी जावे, तर मजुरी बुडते आणि प्रवासाला पैसे पडतात. न जावे, तर मत बुडते.

हा प्रश्न सबंध देशापुढे आहे. म्हणून २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाने एका नव्या यंत्राची कल्पना मांडली. दूरच्या एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांतील मतदारांना आपापल्या उमेदवारांना मत देता येईल, असे ते यंत्र होते. जानेवारी २०२३ मध्ये ते राजकीय पक्षांना दाखविण्यासाठी दिल्लीत बोलावण्यात आले. तेव्हा अनेक पक्षांनी शंका उपस्थित केल्या. स्थलांतरित कोणास म्हणावयाचे? इतक्या मतदारसंघांतील उमेदवारांचे प्रतिनिधी परगावच्या केंद्रावर देखरेख कशी करणार? या शंका क्षुल्लक नव्हत्या. निवडणुकीत जो हरतो, त्यालाही मोजणी खरी वाटली पाहिजे. तरच तो पराभव शांतपणे मान्य करतो.

तर मतदाराने कोणत्या केंद्रावर जावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. यादी जितकी दूरवर आणि जितक्या विश्वासाने पोहोचेल, तितकी मोकळीक मतदाराला देता येते. यादी एका टेबलापुरती असेल, तर मतदाराला त्या टेबलापाशीच यावे लागते. ती सर्व केंद्रांवर एकाच वेळी खरी आणि अद्ययावत दिसत असेल, तर मतदार मोकळा होतो. परंतु यादी खरी नसताना मोकळीक दिली, तर एकाला दोन मते मिळतील. आणि यादी वाटेत अडखळली, तर दुसऱ्याला एकही मिळणार नाही. दोन्ही प्रकारांत अन्याय सारखाच.

आज आपल्याकडे तरी प्रत्येकाचे केंद्र ठरलेले आहे. म्हणून पुढची निवडणूक जवळ आली, की एक काम तुम्हांला सहज करता येईल. घरातील मोठ्या माणसांची नावे यादीत आहेत की नाहीत, आणि त्यांचे केंद्र कोणत्या शाळेत आहे, हे त्यांच्यासह आधीच पाहून ठेवा. शेजारच्या आजोबांनाही विचारा. मत देण्याचे वय होण्यास तुम्हांला अजून अवकाश आहे. पण काठी टेकीत निघालेल्या एका मतदाराची वाट चुकू न देणे तुमच्या हाती आजही आहे.