खिंडीत इंजिनाचा दम का जातो?

मुंबई-पुण्याहून दुचाकीवर लडाख गाठणाऱ्या हौशी प्रवाशांना एक अनुभव हमखास येतो. सपाटीवर दमदार धावणारी गाडी लेहच्या पुढे चढावर धापा टाकू लागते आणि 'इंजिन बसले' असा निष्कर्ष घाईघाईने काढला जातो. बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसून विरळ हवेचा असतो.

पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमधील एकूण जागा आणि पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा यांचे प्रमाण म्हणजे 'कॉम्प्रेशन रेशो'. २००९ मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे उदाहरण घेऊ. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. त्यावरून सुमारे ३४६ सीसी हे आकारमान येते. वर उरणारी जागा सुमारे ४६ सीसी. दोहोंची बेरीज ३९२. तिला ४६ ने भागले की ८.५ हे उत्तर मिळते.

हा आकडा इंजिनाच्या घडणीचा असल्याने उंचीनुसार बदलत नाही. बदलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवरील दाब १०० मानला, तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये तो ६५, तर ५,३५९ मीटरवरील खार्दुंग ला खिंडीत जेमतेम ५१ उरतो. त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम मोजण्यासाठी एक ठोकताळा वापरतात. दर हजार फुटांमागे मूळ गुणोत्तरातून ०.२ वजा करायचे. खिंडीची उंची सुमारे १७,६०० फूट; म्हणजे ८.५ मधून ३.५ गेले, उरले ५. समुद्रसपाटीवर इतक्या कमी गुणोत्तराचे इंजिन जेवढा दाब निर्माण करील, तेवढाच येथे मिळतो.

म्हणूनच लेहमध्ये कॉम्प्रेशन गेजचा काटा एक तृतीयांशाने खाली दिसला, तर पिस्टन रिंग झिजल्याचे समजून इंजिन उघडण्याची घाई करू नये. कार्बोरेटरच्या गाडीत विरळ हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आणि प्लग काळा पडतो. तेथे लहान जेट बसवणे हा उपाय आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे प्रमाण आपोआप साधले जाते, पण गेलेली ताकद परत येत नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी गुणोत्तर वाढवणारा पिस्टन बसवण्याचा मोहही टाळलेला बरा. खिंडीत सुरळीत चालणारे तेच इंजिन सपाटीवर उतरताच पूर्ण दाबाच्या हवेत 'नॉकिंग' करू लागेल आणि पिस्टनला इजा होईल. सामान कमी, गिअर खालचा आणि थोडा धीर, हाच चढावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.